सर अजून बसलेत

माझ्या भाचीला घरात कोणी नावाने हाक मारत नाही. सगळे तिला 'निघतेच' म्हणतात. एका मोठ्या रुग्णालयात ती मेडिसिनचं पुढचं शिक्षण घेते. म्हणजे ती डॉक्टर झालेली आहे आणि शिवाय डॉक्टर होते आहे. हा प्रकार मला अजून नीट कळलेला नाही. माझं चष्म्याचं दुकान आहे. आमच्यात माणूस एकदा गल्ल्यावर बसला की दुकानदार झाला; त्यानंतर पुन्हा काही वर्षं दुकानदार होत बसावं लागत नाही. डॉक्टरांना मात्र आधी सगळं शरीर शिकवतात, आणि ते शिकून झालं की एका विभागात नेऊन कोंडतात.

तर या कोंडलेल्या मुलीला तिची आई, म्हणजे माझी ताई, रोज संध्याकाळी फोन करायची.

"कधी येतेस?"

"निघतेच."

एवढं बोलून फोन बंद. ताई लगेच भात टाकायची. भात शिजायचा, निवायचा, पुन्हा गरम व्हायचा, पुन्हा निवायचा. भाचीचा पत्ता नसायचा. सगळ्यांची जेवणं होऊन भावोजी टीव्हीसमोर घोरायला लागले की मग कुठे दारात किल्ली फिरायची. भावोजी शाळेत भूगोल शिकवतात. ते म्हणायचे, "तिचं निघणं पृथ्वीसारखं आहे. निघालेली कधीचीच आहे, पण पोहोचायचं असं कुठे नाहीच."

मुलगी गुणी आहे यात वाद नाही. लहान चणीची, चालताना पळणारी, केसांत पेन खोचून तेच पेन सगळ्या टेबलावर शोधणारी. लहानपणापासून तिला एक खोड आहे. कोणी काम सांगितलं तर तिला नाही म्हणता येत नाही, आणि कोणी सांगितलं नाही तर आपलं काही चुकलं की काय म्हणून तिचा जीव वरखाली होतो. शाळेत असताना एकदा वर्गशिक्षिका आल्या नाहीत, तर हिने स्वतःच उठून हजेरी घेतली आणि दोघांना बाकावर उभंही केलं. अशी मुलगी आयती हाती लागल्यावर रुग्णालय तिला थोडंच सोडणार?

सुरुवातीला आम्हाला सगळ्याची गंमत वाटायची. जेवताना ताईने मीठ मागितलं तर ही विचारायची, "किती आणि कशातून द्यायचं?" घरचा फोन उचलून "वॉर्ड सात, बोला" म्हणायची. माझ्या दुकानात एकदा डोळे तपासायला आली. मी तिला खुर्चीत बसवलं, भिंग लावलं आणि म्हटलं, सगळ्यात वरची ओळ वाच. तिने दोन अक्षरं वाचली आणि तिसऱ्या अक्षराला तिचा डोळा लागला. मागे गिऱ्हाईक ताटकळत होतं. ते म्हणालं, "राहू द्या हो, नंबर शांत झोपेचा निघालाय." मीही राहू दिलं. त्या दिवशी माझ्या दुकानात तपासणीच्या खुर्चीवर डॉक्टर आणि स्टुलावर गिऱ्हाईक अशी दुपार गेली.

पण हळूहळू गंमत आटत गेली. पूर्वी कितीही उशिरा आली तरी ती दारातूनच बोलत यायची. कोणत्या आजोबांनी गोळी जिभेखाली लपवली, कोणत्या काकूंनी सुई बघून डॉक्टरलाच धीर दिला, सगळं साभिनय. पुढे पुढे ती नुसती यायची, जेवायची आणि झोपायची. धाकट्या भावाने तिच्या वाटणीचं आइस्क्रीम खाल्लं तरी काही बोलायची नाही. त्या भावाला आम्ही 'लोळण्या' म्हणतो. ते का, हे त्याला एकदा सोफ्यावर बघितलं की कळतं. तो बिचारा घाबरला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "मामा, मी काल मुद्दाम दुसऱ्यांदा खाल्लं. तरी काही नाही. हिला काहीतरी झालंय."

एका रविवारी दुकान बंद करून मी ताईकडे गेलो, तेव्हा भाची गॅलरीत बसली होती. समोर चहाचा कप होता आणि त्यावर साय धरली होती.

"काय डॉक्टरीणबाई, चहा तपासायला घेतलाय का?"

ती हसली नाही. म्हणाली, "मामा, मी हे सोडणार आहे."

"चहा?"

"शिक्षण."

मी तिच्या शेजारी बसलो. चेष्टा कुठे थांबवायची हे मला उशिरा कळतं, पण कळतं.

"परवा एक आजी बऱ्या होऊन घरी गेल्या," ती म्हणाली. "किती दिवस होत्या आमच्याकडे. जाताना त्यांनी माझा हात हातात घेतला आणि बोलत राहिल्या. आणि मला एवढंच वाटत होतं, की ह्यांनी हात सोडावा, म्हणजे मला बसता येईल. मामा, याच्यासाठी आले होते मी. आणि मला काहीसुद्धा वाटलं नाही."

"काम फार झालंय तुला."

"काम नाही रे. काम आवडतं मला. काम संपल्यावर जे काम असतं ना, त्याने जीव खाल्लाय."

हे काय नवीन, म्हणून मी खोदून विचारलं. तेव्हा तिने तिच्या विभागाची रीत सांगितली. आठवड्यातला एक दिवस त्यांचा इमर्जन्सीचा असतो. त्या दिवशी येईल तो रुग्ण घ्यायचा, रात्रभर जागायचं, त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. पण बाकीच्या दिवशी संध्याकाळी रात्रपाळीचा डॉक्टर येतो. त्याच्याबरोबर खाटेखाटेपाशी जाऊन कोणाचं काय चाललंय, रात्री कशावर लक्ष ठेवायचं, ते सांगायचं. याला ते रुग्ण सोपवणं म्हणतात. सोपवून झालं की दिवसपाळीवाले सुटले, असं कागदावर आहे. प्रत्यक्षात सगळे डॉक्टरांच्या खोलीत जाऊन बसतात.

"करता काय तिथे?"

"फायली सरळ करतो."

"आणि त्या सरळच असल्या तर?"

"वाकड्या करून सरळ करतो."

कारण त्यांच्या मॅडम जात नाहीत. या मॅडम म्हणजे भाचीहून एक वर्ष पुढे असलेली मुलगी. आणि मॅडम जात नाहीत, कारण समोरच सरांची केबिन आहे आणि तिच्या दारावरच्या काचेत दिवा दिसत असतो. हे सर म्हणजे विभागाचे प्रमुख. मोठा माणूस, मितभाषी, भुवया अशा की त्यांच्याखाली दोन चिमण्या सहज राहाव्यात. सर अजून बसलेत आणि आपण कसं उठायचं? कोणी चुळबुळ केली तर मॅडम फायलीतून मान न काढता विचारणार, "काय, आज अर्धा दिवस का?" एक मुलगा स्वतःच्या वाढदिवसाला वेळेवर घरी गेला होता. त्याला सगळे अजून 'पाहुणे' म्हणतात. "या पाहुणे, बसा, आज थांबणार की जाणार?"

"आणि सर तरी कधी जातात?"

"आमच्या नंतर. आम्ही थकून उठतो तरी दिवा चालूच असतो. केवढा कामाचा माणूस. त्यांच्यासमोर मी म्हणजे..." तिने हाताने काहीतरी लहानसं दाखवलं, मुंगीएवढं.

सल्ला द्यायची माझी लायकी नाही. लोकांना लांबचं दिसावं म्हणून मी काचा लावतो. मला स्वतःला पुढच्या आठवड्यापलीकडचं कधी दिसलं नाही. पण हिशेब साधा होता.

"सोडायचं नक्की आहे ना?"

"नक्की."

"मग सोडायच्या आधी एक दिवस वेळेवर घरी ये की. रुग्ण सोपव, सरांच्या केबिनमध्ये जा आणि सांग, मी निघाले. फार तर काय, रागावतील. काढून टाकतील? तू तर सोडूनच चाललीयस. फुकटात एक संध्याकाळ पदरात पडेल."

तिने बोटाने चहावरची साय बाजूला केली. मग म्हणाली, "मामा, तू दुकानात गिऱ्हाइकांना असंच गुंडाळतोस का?"

"गिऱ्हाइकांना फ्रेमपण विकतो. तुला नुसता सल्ला दिलाय."

पुढचं मी तिच्याच तोंडून ऐकलं. एकदा नाही, अनेकदा ऐकलं, आणि दर खेपेला सरांच्या भुवया थोड्या वाढलेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने रुग्ण नीट सोपवले. पिशवी खांद्याला लावली आणि डॉक्टरांच्या खोलीत उभी राहिली. मॅडमनी मान न काढता विचारलं, "काय, आज अर्धा दिवस का?" भाची वळली आणि सरांच्या दारावर टकटक केली. मागे खोलीत पाहुण्यांच्या हातून फायल पडली.

आत उत्तर आलं नाही. तिने दार ढकललं.

सरांची पाठ तिच्याकडे होती. पायांतले बूट काढलेले, पाय उघड्या खणावर टेकलेले, आणि समोरच्या संगणकावर पत्त्यांचा डाव मांडलेला. एकट्याने खेळतात तो. सर तल्लीन होते. पाऊल वाजल्यावर मागे न बघताच म्हणाले, "हा काळा गुलाम कुठे ठेवू, कळत नाही."

भाचीचं तोंड कधी काय बोलेल त्याचा भरवसा नाही. ती म्हणाली, "सर, त्या लाल राणीवर."

सर दचकून वळले. खुर्ची वळली, पाय खणातच राहिले, आणि खण बाहेर आला. खाली पेनं, टाचण्या आणि एक अर्धवट खाल्लेला बिस्किटांचा पुडा सांडला. दोघांनी खाली वाकून ते गोळा केलं, त्यामुळे निदान पहिलं मिनिट निभावलं.

"कोण अत्यवस्थ आहे?" सरांनी टेबलाखालून विचारलं.

"कोणी नाही सर."

"मग?"

"सर, मला घरी जायचंय."

"घरी कोणी आजारी आहे?"

"नाही सर. सगळे ठणठणीत आहेत. काम संपलंय. रुग्ण सोपवलेत. म्हणून जायचंय."

सर टेबलाखालून वर आले. हातातला बिस्किटांचा पुडा टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "मग जात का नाही?"

"सर, तुम्ही बसला आहात ना."

"मी तुमच्यासाठी बसलोय," सर म्हणाले.

"आम्ही तुमच्यासाठी बसलोय."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"कधीपासून?"

"मी आले तेव्हापासून. माझ्या आधीचे त्यांच्या आधीपासून."

"म्हणजे साधारण मी प्रमुख झाल्यापासून." सरांनी खुर्चीत अंग टाकलं. "मी तुमच्यासारखा शिकत होतो तेव्हा आमचे सर आम्हाला कामाला जुंपून दुपारीच घरी जायचे. मी तेव्हाच ठरवलं होतं, आपण कधी पोरांच्या आधी उठायचं नाही. रोज वाटायचं, केवढी कष्टाळू मुलं. यांना घरच आठवत नाही. मी बापडा काय करणार, बसून राहतो. बायकोने तर विचारायचंच सोडलंय."

"सर, आम्ही फायली वाकड्या करून सरळ करतो."

"मी पत्ते खेळतो," सर म्हणाले. "आणि वाईट खेळतो."

मग त्यांनी बूट घालायला घेतले. एक सापडला. दुसरा खणाबरोबर कुठे गेला ते कळेना, तेव्हा भाचीनेच कपाटामागे हात घालून तो काढला. सरांनी दिवा बंद केला.

तो दिवा बंद झालेला समोरच्या खोलीत दिसला आणि तिथे पळापळ झाली. सर दारात येईपर्यंत सगळे खुर्च्यांत ताठ बसून वाचत होते. मॅडमनी एक एक्सरे खिडकीसमोर धरला होता.

"काय चाललंय?" सरांनी विचारलं.

"सर, छातीचा एक्सरे बघतेय."

"उलटा आहे."

मॅडमनी तो सुलटा केला. सर म्हणाले, "घरी जा सगळे."

कोणी हललं नाही. त्यांना वाटलं, ही परीक्षा आहे. जो उठेल तो गेला. सरांनी पुन्हा सांगितलं. पाहुण्यांनी जरासं उठल्यासारखं केलं आणि मॅडमकडे बघून बसले. शेवटी प्रमुखसाहेब स्वतः एका खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "मला खरंच घरी जायचंय हो. तुम्ही उठलात तर मला उठता येईल." त्या दिवशी त्या विभागाने पहिल्यांदा उजेडात घर गाठलं.

आता तुम्हाला वाटेल, झालं सगळं सुरळीत. इतकी शिकलेली माणसं इतक्या सहज सुधारत नाहीत. दुसऱ्या दिवशी सर संध्याकाळी पिशवी घेऊन डॉक्टरांच्या खोलीत आले, "मी निघालो" असं मोठ्याने सांगून जिन्याने खाली गेले. पोरं खिडकीत उभी राहिली. सरांची गाडी फाटकाबाहेर पडली की आपण निघायचं, असा बेत. गाडी काही हलेना. सर गाडीत बसून वरच्या खिडकीकडे बघत होते, पोरं खाली उतरतात की नाही ते. वरून हे बघतायत, खालून ते बघतायत. असा बराच वेळ गेल्यावर सर गाडीतून उतरले, पुन्हा वर आले आणि धापा टाकत म्हणाले, "लिफ्टने चला. एकत्र."

तेव्हापासून रात्रपाळीवाला सोडून अख्खा विभाग एका लिफ्टमध्ये कोंबून खाली येतो. लिफ्टमनने पहिल्या दिवशी विचारलं, "वर आग लागली का?" मॅडम म्हणाल्या, "नाही, विझली." हे वाक्य मॅडमना सुचलं यावर भाचीचा अजून विश्वास बसत नाही.

खरी धांदल उडाली ती आमच्या घरी. पहिल्या दिवशी बेल वाजली, ताईने दार उघडलं, तर दारात मुलगी. बाहेर अजून ऊन होतं.

"काय झालं? काढून टाकलं?"

"नाही गं. काम संपलं."

ताईने आधी तिच्या कपाळाला हात लावला. मग माझ्या दुकानात फोन केला. "ती आलीय," एवढंच म्हणाली, पण अशा आवाजात, की मी शटर ओढूनच निघालो. जाऊन बघतो तर भाची पिशवी मांडीवर घेऊन सोफ्याच्या टोकाला बसलेली, परक्या घरी बसावं तशी. लोळण्याने तिच्यासाठी सोफ्याची अर्धी जागा सोडली होती. यावरून प्रसंग किती गंभीर होता ते कळावं.

"हे पडदे कधी बदलले?" तिने विचारलं.

"तू रुग्णालयात लागलीस त्या वर्षी," भावोजी म्हणाले.

"छान आहेत."

"जुने झाले आता. पुढच्या महिन्यात काढणार आहे तुझी आई."

काय करायचं ते तिला कळेना. एवढ्या मोठ्या संध्याकाळचं माणूस करतं काय? ती उठून स्वयंपाकघरात गेली, ताईच्या पायात आली म्हणून ताईने बाहेर घालवलं. मग भावोजींबरोबर फिरायला गेली. भावोजी सावकाश चालतात आणि प्रत्येक ओळखीच्या माणसापाशी थांबतात. तिसऱ्या थांब्याला मागे बघितलं तर मुलगी बाकावर बसून झोपलेली. भावोजींनी तिला उठवलं नाही. शेजारी बसून त्यांनी तिथल्या तिथे आणखी चार ओळखी काढल्या.

पुष्कळ दिवस ती अशी नुसती झोपली. सोफ्यावर, माझ्या स्कूटरवर, एकदा न्हाव्याच्या... म्हणजे केस कापायला गेली तिथे. इमर्जन्सीचा दिवस आला की रात्रभर जागायची, ते सुटलं नव्हतं आणि सुटणारही नाही. पण बाकीच्या दिवशी ती लिफ्टने खाली यायची. 'सोडणार आहे' हे मात्र तिने मागे घेतलं नव्हतं. ताई माझ्याकडे बघायची, मी भावोजींकडे, भावोजी भिंतीवरच्या नकाशाकडे. विचारायची कोणाची हिंमत होत नव्हती. विचारलं आणि ती हो म्हणाली तर?

मग परवाच्या रविवारी मी जेवायला गेलो होतो. भाची ताटावर बसली तीच तणतणत.

"मामा, एक माणूस आहे आमच्याकडे. खाट अकरा. मधुमेह. शपथ घेऊन सांगतो, डॉक्टर, मी गोडाला शिवत नाही. आणि रोज सकाळी साखर बघावी तर आभाळात. मला माहितीय तो बिस्किटं खातो. अंगावर चुरा असतो. पण पुडा सापडत नाही. उशी बघितली, कपाट बघितलं, गादी उचलून बघितली. कुठे लपवत असेल?"

"बायको आणत असेल," ताई म्हणाली.

"बायको साधी आहे. तिची पिशवी मी बघते."

"आतून नाही, बाहेरून विचार कर," भावोजी म्हणाले. "खिडकीबाहेर कठडा आहे का? उत्तरेकडून वारा येत असेल तर पुडा मऊसुद्धा पडणार नाही."

"बाबा, भूगोल नको."

"शेजारच्याच्या कपाटात," लोळण्या भाताचा घास घेत म्हणाला. "आपलं सामान दुसऱ्याच्या जागेत ठेवायचं. तिथे कोणी बघत नाही."

भाचीचा हात ताटातच थांबला. तिने सावकाश मान वळवून भावाकडे बघितलं.

"तुला कसं माहीत?"

"असंच. अंदाज."

"माझ्या कपाटात काय काय ठेवलंयस तू?"

"अगं, तू घरी नसायचीस तेव्हा..."

तिने ताट सरकवलं आणि उठली. लोळण्या तिच्या मागे धावला. त्याला धावताना मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. आतून कपाटाचं दार आपटल्याचा आवाज आला, मग काहीतरी खळखळ पडलं, मग दोघं एकदम बोलायला लागली.

ताईने आतल्या दिशेला ओरडून विचारलं, "अगं, ते सोडण्याचं काय झालं तुझं?"

"कसलं सोडणं?" आतून आवाज आला. "आई, ह्याने माझ्या स्वेटरमध्ये चॉकलेटं ठेवलीयत बघ. वितळलीयत सगळी. आणि उद्या मला लवकर उठव, अकराच्या शेजारची खाट बघायचीय."

भावोजींनी पाणी प्यायलं. ताईने माझ्या ताटात मी नको म्हणत असताना आणखी भात वाढला, आणि आतलं भांडण सोडवायला कोणीही उठलं नाही.